कुत्र्यांचं जमतंय का ते बघायला

नगरावालीच्या कुत्र्यासमोर काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर हिंदीत बोलायचं, असा आमच्यात नियम आहे. कारण त्याला मराठी कळतं. थोडंथोडकं नाही, सगळं कळतं. ‘अंघोळ’ म्हटलं की पलंगाखाली जातो आणि ‘डॉक्टर’ म्हटलं की संडासाच्या मागे.

झाशीतल्या आम्हा मराठी माणसांची रीत खरं तर याच्या बरोबर उलटी. भाजीवाल्यासमोर, दवाखान्यात, लग्नात व्याह्यांच्या समोर, जे काही गुपचूप बोलायचं ते मराठीत. आजूबाजूला सगळी हिंदी नाहीतर बुंदेली, त्यामुळे चारचौघांत मोठ्याने बोललं तरी गुपितच. आमचं घराणं खंडेराव गेटचं. पूर्वजांनी इथे मराठीत कारभार केला, आम्ही मराठीत कुरकुर करतो. एवढाच काय तो फरक.

नगरावाली आणि सिविल लाइंसवाली या माझ्या दोन मैत्रिणी. नावं घेतली तर दोघीही माझ्याशी बोलणं टाकतील, म्हणून राहत्या मोहल्ल्यांनीच ओळख देते. तशाही आम्ही एकमेकींना अशीच हाक मारतो. नगरावाली रेल्वेतली. नवरा गार्ड होता, भुसावळकडचा. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी नगऱ्यात घर बांधलं आणि यार्डातून एक पिवळं पिल्लू उचलून आणलं. पोरं मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तरं देऊ लागली होती, तेव्हा त्या गृहस्थांनी ठरवलं की घरात एकाने तरी मराठी नीट ऐकलं पाहिजे. तो हा कुत्रा. त्याला ते थोरले म्हणायचे. आता दोन वर्षं झाली, ते नाहीत. थोरले आहेत, बारा वर्षांचे, अर्धे दात पडलेले.

सिविल लाइंसवाली कॉलेजात शिकवायची, लग्न केलं नाही, तिच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. मराठी सगळं समजतं, बोलायला मात्र लाजते. तिच्याकडे एक पांढरी पॉमेरियन आहे. ती दूधवाल्याला चावलीय, गॅसवाल्याला चावलीय आणि मला दोनदा चावलीय. सिविल लाइंसवाली म्हणते, प्रेमाने चावते. इंजेक्शनं मी घेतली, तेव्हा ते प्रेम मला चांगलं ठाऊक आहे.

आणि मी. शाळेतून रिटायर झालेली, खंडेराव गेटला एकटीच राहणारी, कुत्र्यांपासून चार हात लांब. तरी त्या रविवारी दोन कुत्र्यांच्या मधोमध बसून मी ओरछ्याला निघाले होते. सांगते का ते.

नगरावालीच्या मुलाने पुण्यात मोठा फ्लॅट घेतला होता आणि आईला घेऊन जायचंच, असा हट्ट धरला होता. सुनेला दमा, त्यामुळे कुत्रा नेता येणार नाही. सिविल लाइंसवाली भावनेच्या भरात बोलून गेली की थोरल्यांना मी सांभाळते. आता पंचाईत होती ती एकच, पांढरी त्याला घरात राहू देईल का. तेव्हा असं ठरलं की दोघांना कुठल्याच घरात न भेटवता बाहेर कुठेतरी न्यायचं, दिवसभर एकत्र ठेवायचं. नगरावालीने देवाची शपथ घेतली. दोघांचं जमलं तर पुण्याला जायचं, नाही जमलं तर नाही. मुलाला म्हणे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

मी त्या क्षणी मनात म्हटलं, जमू नये. उघडच सांगते, चांगुलपणाचा आव कशाला आणू? या गावात माझ्याशी मराठीत भांडणारी ती एकच उरलीय.

बरं, नुसतं मनात म्हणून थांबले असते तर ते माझ्या स्वभावात बसलं नसतं. मी विचार केला, कुत्री कशावरून भांडतात? हाडावरून. तेही एकच हाड असेल तर जास्तच. आमच्या घरात लसूणसुद्धा माझ्या लग्नानंतर आला. तरी शनिवारी सकाळी मी रिक्षा करून ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या बाजारात गेले, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि मटणाच्या दुकानापुढे उभी राहिले. दुकानदाराने सुरा खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, “मॅडमजी, नमस्ते.” सातवीत माझ्याच वर्गात होता. भूमितीत कच्चा होता, पण माणूस ओळखायला पक्का. मी मान ताठ ठेवून सांगितलं की एक हाड हवंय, कुत्र्यासाठी. “जी मॅडमजी,” तो फार आदराने म्हणाला, “सब यही कहते हैं.”

ते हाड मी चार पिशव्यांत गुंडाळलं आणि मग स्टीलच्या डब्यात घातलं. तो डबा नंतर घरात परत घेतला नाही. कामवाल्या बाईला देऊन टाकला आणि कारण सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सिविल लाइंसवाली गाडी घेऊन आली. ती गाडी चालवते तेव्हा समोरचे लोक आपोआप सज्जन होतात. पुढे नगरावाली, मागे मी. माझ्या डाव्या बाजूला थोरले, उजव्या बाजूला पांढरी, मांडीवर दडपे पोह्यांचा डबा, पायाशी पिशवी आणि पिशवीत ते. पांढरी बसल्यापासून गुरगुरत होती. तिचे केस ओले होते आणि डोळ्यांत खून होता. मी म्हटलं, छान, हाडाची गरजच पडणार नाही. थोरले एकदा शिंकले, माझ्या मांडीवर हनुवटी टेकली आणि झोपले. पांढरी त्यांच्या अंगावर जाऊ बघत होती आणि मधे माझं पोट होतं.

नगरावालीही काही साधी नव्हती. मधेच मागे वळून ती हळूच म्हणाली, “बघ, कोण आलंय!” हे वाक्य मला माहीत होतं. त्यांच्या घरी पोस्टमन आला की नवरा हेच म्हणायचा आणि थोरले फाटकावर उडी घ्यायचे. पांढरीकडे बोट दाखवून तिने ते दोनदा म्हटलं. थोरल्यांनी डोळे उघडले, गाडीत पोस्टमन शोधला, दिसला नाही, आणि परत झोपले. मी बाहेर बघत राहिले. तिने मला बघितलं की मी तिला बघितलं, ते आम्ही दोघींनी बघायचं टाळलं.

ओरछ्याचा किल्ला बेतवेच्या पात्रातल्या बेटावर आहे. गावातून एक जुना कमानींचा पूल जातो, तो ओलांडला की किल्ल्याचा दरवाजा. दिवाळी नुकतीच झाली होती, खाली पाणी चांगलं होतं, वर ऊन कोवळं होतं आणि पुलावर लग्नाआधीचे फोटो काढणारी मंडळी पसरली होती. हल्ली लग्न एक दिवसाचं आणि फोटो चार दिवसांचे. नवरी गुलाबी झग्यात होती आणि त्या झग्याचा घोळ तिच्या मागे पुलावर निम्म्या रुंदीत पसरला होता.

नगरावालीने इथे शेवटचा प्रयत्न केला. खाली वाकून थोरल्यांच्या कानात तेच वाक्य म्हणाली. या वेळी मात्र समोर माणसं होती, एकाच्या खांद्याला पोस्टमनसारखी खाकी पिशवीही होती. तो फोटोग्राफर. थोरल्यांनी बारा वर्षं अंगावरून झटकली आणि भुंकत सुटले. साखळी तिच्या हातातून निसटली. मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले, “थांब!”

आणि थोरले थांबले. भुसावळच्या माणसाने शिकवलेलं, चुकणार कसं? ज्या जागी होते त्या जागी थांबले, आणि ती जागा नवरीच्या झग्यावर होती. तिथेच बूड टेकून, जीभ बाहेर काढून बसले.

फोटोग्राफर म्हणाला, हट. नवरदेव म्हणाला, चल भाग. नवरीची आई म्हणाली, ए भैया, किसका कुत्ता है. थोरले सगळ्यांकडे कौतुकाने बघत होते, पण हिंदीतलं त्यांना काही लागू होत नव्हतं. नवरी एक पाऊल पुढे गेली आणि झगा कमरेपाशी करकरला. मी नगरावालीला म्हटलं, अगं बोलव ना त्याला. ती पुलाच्या कठड्याला टेकून नदी बघत होती. म्हणे, माझं ऐकत नाही हल्ली. धडधडीत खोटं. मी सिविल लाइंसवालीला हिंदीत सुनावलं की हा असा नाठाळ कुत्रा तुझ्या घरात कसा चालेल, विचार कर. म्हणजे या गोंधळातही मी माझा कार्यभाग साधून घेत होते.

तेव्हा सिविल लाइंसवाली पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते. इतक्या लोकांसमोर मराठीत बोलायची तिच्यावर आयुष्यात कधी वेळ आली नसेल. “ऊठ रे बाबा,” ती म्हणाली, “ऊठ, इकडे ये माझ्याजवळ.” थोरले उठले, झग्यावरून अलगद उतरले आणि तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तिने साखळी उचलली. पांढरी तिच्या दुसऱ्या हातात होती, तिने थोरल्यांच्या कानाचा वास घेतला आणि चक्क गप्प राहिली. मी नगरावालीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता.

दरवाज्यावरच्या चौकीदाराने हात आडवा केला. “अम्माजी, कुत्ता भीतर नईं जैहे.” शिस्तीचा माणूस होता आणि बरोबरच बोलत होता. मी लगेच म्हटलं की तुम्ही दोघी बघून या, मी थांबते. कुत्र्यांपासून चार हात लांब राहणारी बाई दोन कुत्री सांभाळते म्हणते, याचा दोघींनाही संशय यायला हवा होता. पण त्यांना स्वतःचेच संशय पुष्कळ होते. त्या आत गेल्या. मी लिंबाच्या सावलीत दगडावर बसले, साखळ्या दगडाला बांधल्या आणि डबा उघडला.

पिशव्या सोडवताना नाक दाबलं होतं. काठीने ढकलत ते हाड मी बरोबर दोघांच्या मधे ठेवलं, एक इंचही इकडेतिकडे नाही, आणि दगडावर चढून उभी राहिले. आता होईल रणकंदन, असं वाटलं. पाचावर धारण बसली होती, पण मैत्रीण राहील या आशेवर उभी होते.

पांढरीने झडप घातली. थोरल्यांनी वास घेतला, एकदा चाटलं, आपल्या तोंडात काय उरलंय याचा बहुधा हिशेब केला, आणि नाकाने ते हाड तिच्याकडे सरकवलं. सरकवलं म्हणजे अक्षरशः आग्रह केला. पांढरी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या घरी तिला कुणी काही मागितल्याशिवाय दिलं नव्हतं असं नाही, पण कुत्र्याने दिलं नव्हतं. मग ती थोरल्यांच्या पोटाला टेकून बसली आणि हाड चघळू लागली. मधे मधे थोरले चाटत होते. मी दगडावर उभी होते आणि मला कुणी विचारत नव्हतं.

दोघी परत आल्या तेव्हा हाच देखावा. सिविल लाइंसवालीने आधी कुत्र्यांकडे बघितलं, मग हाडाकडे, मग उघड्या डब्याकडे, मग दगडावरच्या माझ्याकडे. हाड कुठून आलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, असेल पडलेलं. ती म्हणाली की डब्यावर तुझ्या सासूबाईंचं नाव कोरलंय.

मग काय, सगळंच निघालं. मी दुकानाचं सांगितलं, सातवीतला विद्यार्थीही सांगितला. सिविल लाइंसवालीने मान खाली घालून सांगितलं की पहाटे तिने पांढरीला थंड पाण्याने अंघोळ घातली आणि उपाशी ठेवली, म्हणजे ती चिडकी होऊन थोरल्यांना जवळ येऊ देणार नाही. बोलून गेले होते, आता माघार कशी घ्यायची ते कळेना, असं तिचं म्हणणं. सांभाळायची तयारी होती हो तिची. पण सांभाळायला मिळालं म्हणजे नगरावाली गेली, आणि ते तिला नको होतं. मला इतकं हसू आलं की दगडावरून उतरता येईना. ती पण हसायला लागली.

नगरावाली हसत नव्हती. ती पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, उघडलाही नव्हता.

“दोन महिने झाले मुलगा मागे लागलाय,” ती म्हणाली. “दोन महिन्यांत तुम्हा दोघींपैकी एकीने तरी तोंडाने म्हटलंत का, की जाऊ नकोस? ही म्हणे कुत्रा सांभाळते. तू म्हणे पुण्यात हवा चांगली आहे. मला वाटलं, सुटलात.”

पुण्यात हवा चांगली आहे, असं मी खरंच म्हटलं होतं. लोकांच्या घरच्या गोष्टीत पडू नये, मुलाकडे जाणाऱ्या आईला अडवू नये, असं आपल्याला लहानपणापासून बजावलेलं. त्यापायी मी मटणाच्या दुकानात जाऊन उभी राहिले, पण दोन शब्द बोलले नाही. माझी मलाच लाज वाटली. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, “जाऊ नकोस गं.” सिविल लाइंसवालीने दगडाला बांधलेली थोरल्यांची साखळी सोडली आणि नगरावालीच्या हातात दिली.

नगरावालीने नाक पुसलं आणि मुलाला फोन लावला. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तिने सुरुवात केली ती एकदम रडवेल्या आवाजात. नाही रे जमलं, फार मारामारी झाली, रक्त निघालं. समोर थोरले चारी पाय पसरून झोपले होते आणि पांढरी त्यांच्या पाठीवर तंगडी टाकून झोपली होती. मुलाला संशय आला असावा. त्याने विचारलं की मावशी आहेत का तिथे. तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. बत्तीस वर्षं मी मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं. मी म्हटलं, हो रे बाबा, फारच भयंकर, आम्ही कसंबसं सोडवलं.

मग तो म्हणाला, “आई, कुत्र्यांचं राहू दे. तुला यायचंय की नाही?”

हा प्रश्न त्यानेही पहिल्यांदाच विचारला होता. नगरावालीने आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघी कुत्र्यांकडे बघत होतो.

“नाही रे,” ती म्हणाली. “मला नाही यायचं.”

तो रागावेल असं मला वाटलं होतं. रागावला नाही. म्हणाला, बरं. मग म्हणाला की हे आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, आम्हाला वाटलं तू तिथे एकटी कंटाळलीयस. परवाच तुझी खोली रंगवून घेतली. बाबांची खुर्ची ठेवायला खिडकीपाशी जागा सोडलीय, टीव्ही दुसरीकडे लावला.

“कुठला रंग दिला?” तिने विचारलं. त्याने सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. फोन माझ्या हातात देऊन ती उठली आणि पुलाच्या कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. सिविल लाइंसवाली तिच्यामागे गेली.

“मावशी,” फोनमधून आवाज आला, “आई रडतेय का?”

मघाशी रक्ताचं सांगताना माझी जीभ जराही अडखळली नव्हती. आत्ता काहीतरी बरं वाटेल असं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

“हो,” मी म्हटलं.